गाण्याने गाठ विरघळत नाही. मग गाणं कशासाठी?

संगीत आणि आजारपण हे दोन शब्द एका वाक्यात आले की नाशिकमधली चर्चा हमखास दोन ठरलेल्या वाटांना लागते. एक पक्ष म्हणतो, रागांत विलक्षण शक्ती आहे, ठराविक राग ठराविक प्रहरी ऐकवला की पेशी दुरुस्त होतात, आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. दुसरा पक्ष म्हणतो, कॅन्सरच्या वॉर्डात पेटी-तबला नेणं म्हणजे पेशंटची थट्टा. आधी यंत्रं आणा, औषधं आणा, डॉक्टर आणा. खरं तर जे उपचार घ्यायला पूर्वी मुंबई गाठावी लागायची, त्यांतले बरेचसे आता इथेच मिळू लागले आहेत. पेठ, सुरगाणा, कळवण, मालेगावपासून पार धुळे-जळगावपर्यंतचे पेशंट इथे येऊन केमोच्या खुर्चीत तासन् तास बसतात. त्या तासांत त्यांच्यासाठी आणखी काय करता येईल हा प्रश्न त्यामुळे आपल्या शहराचा झाला आहे. तो इतक्या ढिसाळपणे मांडला जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. संगीताने कॅन्सर बरा होतो याला कसलाही पुरावा नाही, आणि तसं सांगणाऱ्याला वॉर्डाच्या दारातून आत घेऊ नये. तरीही शिकलेल्या माणसाने, पेशंटला विचारून, चालू उपचारांच्या जोडीला दिलेलं संगीत हा कॅन्सरच्या सेवेचा भाग असला पाहिजे. तो कुणा देणगीदाराच्या मर्जीवर नको, रुग्णालयाच्या नेहमीच्या खर्चात हवा. वाद घालणारे दोन्ही पक्ष वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोघांच्याही हातात पट्टी एकच आहे: गाठ कमी होते की नाही? एकाला वाटतं होते, दुसऱ्याला वाटतं होत नाही. गाठ ज्याच्या अंगात आहे त्या माणसाचा दिवस कसा जातो, हे मोजायचं दोघांच्याही मनात येत नाही.

हीच पट्टी आपण इतर गोष्टींना लावतो का? सिस्प्लॅटिन हे औषध १९७८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. वृषणाच्या कॅन्सरचे पेशंट त्याने बरे होऊ लागले. पण त्यामुळे होणाऱ्या उलट्या इतक्या भयंकर असायच्या की काही जण उपचार अर्ध्यावर सोडून द्यायचे. १९९१ मध्ये उलट्या रोखणारं ऑन्डान्सेट्रॉन आलं आणि केमोचं रूपच पालटलं. आज कुठल्याही डे केअरमध्ये, म्हणजे केमो घेऊन त्याच दिवशी घरी जायच्या विभागात, केमोच्या आधी उलटी थांबवणारं इंजेक्शन दिलं जातं. त्या इंजेक्शनाने गाठ कमी होते का, असं कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. गाठ कमी करणं त्याचं काम नाही. माणसाला उपचार सोसता यावेत, हे त्याचं काम. वेदनाशामक, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपी, समुपदेशन या सगळ्यांची गणना आपण याच खात्यात करतो. मग संगीताचीच परीक्षा वेगळ्या पेपरावर का घ्यायची?

योग्य पेपर कोणता, तर भीती, वेदना, थकवा, उदासी. त्यावर संगीत किती गुण मिळवतं? या विषयावरच्या चाचण्यांचा एक मोठा आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये काढला: ८१ चाचण्या, ५५७६ पेशंट, त्यातले बहुतेक प्रौढ. निष्कर्ष असा की प्रौढ कॅन्सर पेशंटांमध्ये चिंता, नैराश्य, वेदना आणि थकवा संगीतामुळे कमी होत असावा. ‘असावा’ हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण बऱ्याच पुराव्याचा दर्जा कमी किंवा फारच कमी आहे हेही त्याच आढाव्यात नमूद आहे. संगीताच्या विरोधकांचा हा मुद्दा खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. गोळीच्या चाचणीत अर्ध्या लोकांना साखरेची गोळी देता येते. गाण्याच्या चाचणीत आपण गाणं ऐकतो आहोत हे पेशंटला कळतंच. त्यात चिंता मोजायची ती त्यालाच विचारून. पण हा आक्षेप कुठवर ताणायचा? वेदना आणि भीती या मुळातच ज्याच्या त्याने सांगायच्या गोष्टी आहेत. ज्याला दुखतंय तो ‘आता कमी दुखतंय’ म्हणाला, तर त्याहून वरचा पुरावा कुठून आणणार?

शिवाय हे संशोधन आपल्या मर्यादा लपवत नाही, म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसतो. २०१५ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या २०७ स्त्रियांवर एक अभ्यास झाला. काहींना ऑपरेशनआधी समोर बसून गाणं ऐकवलं, काहींना रेकॉर्ड केलेलं, काहींना काहीच नाही. ज्यांनी संगीत ऐकलं त्यांची भीती लक्षणीय उतरली. भूल देण्याच्या औषधाची मात्रा मात्र कमी झाली नाही. दोन्ही गोष्टी एकाच निबंधात छापून आल्या. त्याआधी, २००३ मध्ये, स्वतःच्याच स्टेम सेल (रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) परत घेणाऱ्या ६९ पेशंटांवरचा अभ्यास आला होता. असे पेशंट कित्येक दिवस एका खोलीत जवळजवळ कोंडलेले असतात. संगीतोपचार मिळालेल्यांच्या मनःस्थितीतली एकूण अस्वस्थता इतरांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी भरली. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेने इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजीच्या, म्हणजे नेहमीच्या कॅन्सर उपचारांना पूरक उपचारांची जोड देणाऱ्या शाखेच्या, संघटनेसोबत २०२२ मध्ये वेदनेबद्दल आणि २०२३ मध्ये चिंता-नैराश्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या दोन्हींत संगीतोपचाराला मर्यादित पण स्पष्ट जागा दिली आहे. राग ऐकून पेशी दुरुस्त होतात, हे वाक्य त्यात कुठेही नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. संगीताचं दार उघडलं की त्यामागून भोंदूगिरी आत शिरेल, असं अनेक डॉक्टर म्हणतात. ही भीती पोकळ नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वैद्यकीय उपचारांच्या जोडीला अवैद्यकीय व्यक्तींकडून सिद्ध न झालेले उपचार घेणाऱ्या २५८ पेशंटांची त्यात पाहणी होती. त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांनी सुचवलेली केमो नाकारली होती आणि ५३ टक्क्यांनी रेडिएशन. इतर पेशंटांत हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास होतं. जोडीचे उपचार घेणाऱ्यांना मृत्यूचा धोका दुप्पट निघाला. हे आकडे वाचून कुणाचाही हात आखडेल. पण अभ्यास शेवटपर्यंत वाचावा लागतो. नाकारलेल्या उपचारांचा हिशेब धरल्यावर तो दुपटीचा फरक ठळकपणे उरला नाही. म्हणजे घात झाला तो खऱ्या उपचारांकडे पाठ फिरवल्यामुळे. मग पेशंटची ही ओढ कुणाच्या हाती सोपवायची? ज्याला केमो कधी आहे, पांढऱ्या पेशी किती आहेत हे माहीत नाही अशा बाहेरच्या माणसाच्या? की रुग्णालयाच्या पथकातल्या अशा माणसाच्या, जो पेशंटच्या तोंडून ‘आता केमो नको, गाण्यानेच बरं वाटतंय’ हे ऐकल्याबरोबर डॉक्टरांना गाठेल? दार बंद ठेवलं की लोक खिडकीतून जातात, आणि खिडकीपाशी कोण उभं असतं हे आपण सगळे जाणतो.

रागांची कोष्टकं वाटणाऱ्यांना मात्र माझा ठाम विरोध आहे. तो मी संगीताच्या बाजूने उभी राहूनच करते. अमुक आजारावर अमुक राग, हा हिशेब आजाराला ओळखत नाही आणि संगीतालाही. भैरवीचंच बघा. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. पिंपळपारावर पाडव्याच्या पहाटे वर्षानुवर्षं गाणं ऐकत आलेल्या नाशिककराच्या कानात भैरवी म्हणजे ‘आता संपलं, उठायचं’. आपल्या दुखण्याचं पुढे काय होणार या धास्तीत असलेल्या माणसाला ‘भैरवी शांत करते’ म्हणून ऐकवलीत, तर त्याच्यापर्यंत काय पोहोचेल? अंत्ययात्रेत म्हटले जाणारे अभंग आणि रामनामाची धून याबद्दलही हेच. सुरांना स्वतःचा म्हणून ठरलेला गुण नसतो. प्रत्येकाच्या आयुष्यातून त्यांना वेगवेगळा अर्थ चिकटलेला असतो. केमोच्या बाबतीत तर आणखी एक धोका आहे. औषधाशी जोडला गेलेला वास, खोली, जेवणाचा पदार्थ पुढे नुसता आठवला तरी मळमळायला लागतं, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. आवडीचं गाणंही असं नासू शकतं. म्हणून जाणकार माणूस पेशंटचं सर्वांत लाडकं गाणं पहिल्याच केमोला वाजवायची घाई करत नाही.

माझ्या जाऊबाईंच्या केमोच्या निमित्ताने मी एका डे केअरमध्ये बरीच बसले. रुग्णालयाचं नाव महत्त्वाचं नाही. असं चित्र पुष्कळ ठिकाणी दिसतं. खुर्च्यांची रांग, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड, औषध संपत आलं की पंपाचा टीं-टीं आवाज, आणि तो बंद करायला सिस्टर येईपर्यंत सगळ्यांच्या माना त्या दिशेला. कोपऱ्यातल्या टीव्हीवर बातम्यांचा आरडाओरडा. एके दिवशी कुणाच्या तरी सांगण्यावरून टीव्ही बंद झाला आणि भिंतीवरच्या स्पीकरवर भजनं सुरू झाली. हेतू चांगलाच होता. आमच्या जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले, त्यांना बरं वाटलं. पलीकडे मालेगावचे एक चाचा होते, यंत्रमागावर जन्म गेलेला माणूस. त्यांनी मुलाला खूण करून कानावर रुमाल बांधून घेतला. मी त्यांना म्हटलं, “चाचा, बंद करायला सांगू का?” ते म्हणाले, “रहने दो बेटी, भजन से तकलीफ नहीं. जिंदगीभर खटाखट सुनी है, अब कान को आराम चाहिए.” त्या खोलीतल्या पंधरा-वीस माणसांपैकी एकालाही कुणी विचारलं नव्हतं. हातात सुई असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्यावर लादलेलं गाणं आणि लादलेल्या बातम्या यांत त्याच्या लेखी फार फरक नसतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं होतं. शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी अनावश्यक आवाजाला आजाऱ्याबद्दलच्या निष्काळजीपणाचा सर्वांत निर्दय प्रकार ठरवलं, आणि त्याच पुस्तकात अखंड सूर धरणारी वाद्यं आणि माणसाचा गळा आजाऱ्याला बहुधा मानवतो असंही लिहिलं. यात मला विसंगती दिसत नाही. जिला शांततेची किंमत कळते तिलाच सूर कधी लावायचा हे कळतं. माझ्या मते कुठल्याही संगीतोपचाराची सुरुवात ‘मला आज काही नको’ असं म्हणण्याच्या अधिकारापासून झाली पाहिजे. स्पीकरला हा नकार ऐकू येत नाही. माणसाला येतो.

शिकलेला माणूस नेमकं काय करतो, हे न पाहताच त्याची गरज नाही असं म्हणणारे भेटतात. तो आधी विचारतो, मग बघतो: श्वास किती भरभर चाललाय, हात कुठे आवळलाय, बोलायची इच्छा आहे का. धाप लागलेल्या माणसापुढे तो एकदम संथ आलाप सुरू करत नाही. त्याच्या श्वासाच्या चालीने सुरू करतो, आणि मग लय हळूहळू उतरवत नेतो. श्वास तिच्यामागे येतो. ऐकणाऱ्याच्या अवस्थेपासून निघायचं हे तत्त्व गेल्या शतकाच्या मध्यापासून संगीतोपचारात रुजलेलं आहे. पेशंटकडून गाणं रचून घेणं हे त्यांचं दुसरं साधन. परदेशात त्यासाठी गिटार घेऊन शब्द जुळवावे लागतात. आपल्याकडच्या बायकांना जात्याने ते आधीच शिकवलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. सासर, माहेर, आजार, मरण, असा एकही विषय त्यांनी सोडलेला नाही. साठीच्या पुढची कळवणची बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं डॉक्टरला कधीच सांगणार नाही. ओवीत ती ते सांगू शकते, आणि ओवी ऐकणाऱ्याला तिचं उत्तर कसं द्यायचं हे ठाऊक असेल तर त्याच ओवीतून समुपदेशन सुरू होतं.

तोंडाचा कॅन्सर हा भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर. तंबाखू, मावा, गुटखा यांनी आपल्या भागातले किती जबडे खाल्ले ते कुठल्याही कॅन्सरच्या बाह्यरुग्ण विभागात दिसतं. त्याच डे केअरमध्ये त्र्यंबकच्या बाजूचे एक पखवाजी येत. निवृत्तिनाथांच्या पौषातल्या यात्रेला दिंडीत वाजवणारे. जबड्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं घरच्यांनाही समजत नव्हतं. ते खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून बसत, आणि बोट अडखळलं की हात मिटून घेत. काही केमोच्या औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात. त्यांच्याशी एक तास कुणी टाळ घेऊन बसलं असतं तर? शब्द गेलेल्या माणसाशी दुसऱ्या भाषेत बोलता आलं असतं, आणि बोटांचा बधिरपणा कितपत वाढलाय हेही डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं. तिथे तसं बसणारं कुणी नव्हतं.

‘मग भजनी मंडळ आहेच की, वेगळा माणूस कशाला?’ या प्रश्नात तथ्य आहे. ज्याच्या घरी चार माणसं टाळ-मृदंग घेऊन येतात, त्याला उपचारकाची कदाचित गरजही पडणार नाही, आणि त्या भजनाला उपचार म्हणून नोंदवायची तर मुळीच गरज नाही. पण भजनी मंडळ आपल्या क्रमाने गातं, आणि तसंच गायला हवं. ते देवापुढे उभं असतं. वॉर्डात आलेल्याने पेशंटपुढे उभं राहायचं असतं. २०१५ मधल्या एका छोट्या अभ्यासात कॅन्सरच्या ३१ पेशंटांना दोन्ही अनुभव दिले: उपचारकासोबत बसणं आणि नुसतं रेकॉर्डिंग ऐकणं. पुढे निवड करायला सांगितल्यावर ७७ टक्क्यांनी उपचारक मागितला.

राहिला पैसा. इथे विरोधकांचं म्हणणं मला सर्वांत जास्त पटतं. जमीन विकून उपचार करणाऱ्या घराला, सरकारी योजनेच्या मंजुरीसाठी खिडकीवर ताटकळणाऱ्या नातेवाइकाला संगीताचं कौतुक सांगणं क्रूरपणाचं होऊ शकतं. वेदना शमवणारं औषध नसताना गाणं वाजवणं हा तर अपराधच. म्हणून क्रम स्पष्ट असावा: आधी मॉर्फिन, मग सूर. पण मॉर्फिनचाच इतिहास आपल्याला काय सांगतो? १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचं जंगल इतकं माजलं की देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ६०० किलोवरून १९९७ मध्ये १८ किलोवर आला. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. त्या काळात लाखो माणसं तळमळत गेली. कायदा आडवा होताच. पण त्याविरुद्ध ओरड फारशी झाली नाही, कारण आपल्या मनात वेदना हा दुय्यम विषय होता. ‘जीव वाचवणं महत्त्वाचं, दुखणं काय सोसता येतं.’ संगीताबद्दल आज जे बोललं जातं त्यात मला तोच सूर ऐकू येतो. रेडिएशनच्या एका यंत्राला कोट्यवधी रुपये लागतात. एका उपचारकाचा पगार त्या यंत्राच्या वार्षिक देखभालीतही दिसणार नाही. पगार काढून टाकल्याने दुसरं यंत्र येणार असतं तर मी गप्प बसले असते.

नाशिकने हे करावं असं म्हणताना मला गायक विष्णु दिगंबर पलुसकर आठवतात. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी राजदरबारात अडकलेलं गाणं सामान्य घरांपर्यंत आणलं, आणि उत्तरायुष्यात याच शहरात रामनाम आधार आश्रम उभारला. गाणं कुठे शोभतं आणि कुठे शोभत नाही यावर त्यांच्या काळातही प्रतिष्ठित मंडळींची ठाम मतं होती. आज याच शहरात राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, गावोगावी संगीताच्या परीक्षांना बसणारी मुलं आहेत, कॅन्सरची रुग्णालयं आहेत. या तिघांना एका टेबलाशी बसवणारा अभ्यासक्रम का नसावा? पुदुच्चेरीत एका वैद्यकीय विद्यापीठाने संगीतोपचाराचं केंद्र चालवून दाखवलं आहे. आपल्याकडे डॉक्टर किंवा नर्सप्रमाणे नोंदणी नसतानाही कुणीही ‘संगीतोपचारक’ अशी पाटी लावू शकतो, हा खरा धोका आहे, आणि त्यावर शिक्षण हाच इलाज आहे. गायकाला त्यात संसर्ग कसा टाळायचा, वाद्य कसं पुसायचं, केसपेपर कसा वाचायचा, आणि कुठे थांबायचं, हे सगळं शिकावं लागेल.

अभ्यासक्रम उभा राहायला वेळ लागेल. तोवर प्रत्येक डे केअरला एक काम उद्यापासून करता येईल, आणि त्याला फारसा खर्चही लागत नाही. केसपेपरावर ऍलर्जीच्या रकान्याखाली तीन प्रश्न वाढवा: तुम्हाला संगीत हवं का, कुठलं हवं, कुठलं अजिबात नको. उत्तरं सिस्टरांनी दर केमोला पुन्हा विचारावीत, कारण ती बदलतात. टीव्हीचा रिमोट आणि स्पीकरचं बटण त्या उत्तरांप्रमाणे चालवायचं, एकाला हवं आणि दुसऱ्याला नको असेल तर हेडफोन द्यायचे, आणि हे पाहायची जबाबदारी पाळीतल्या एका ठराविक व्यक्तीच्या नावावर लिहून ठेवायची.